पायाळूची लाथ आणि दारामागची खुंटी

आमच्या पाड्यावरच्या कोंबड्यांइतक्या धडधाकट कोंबड्या अख्ख्या मोखाडा तालुक्यात नव्हत्या, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. त्यांच्या अंड्याचं कवच असं टणक, की कढईच्या काठावर दोनदा आपटल्याशिवाय फुटायचं नाही. जीपमधून हादरे खात मोखाड्याच्या बाजारात गेलं तरी एक अंडं तडकत नसे. याचं सगळं श्रेय माझं. मी पाड्याची आशा कार्यकर्ती. गरोदर बायांसाठी आलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या मी कुटून कोंबड्यांना घातल्या, आणि माझं बघून पाड्यातल्या निम्म्या बायांनीही घातल्या.

आमचा पाडा पोशेऱ्यापासून पायी अर्ध्या तासावर. पस्तीसेक घरं, भाताची खाचरं, वरच्या उतारावर नागली, म्हणजे तुमची नाचणी. घरात आम्ही आमची बोली बोलतो, मीटिंगला मराठी, आणि पुरुष ठाण्या-भिवंडीकडून कामं करून आले की चार दिवस हिंदीत भांडतात. मी आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकले, म्हणून गोळ्यांची पिशवी माझ्या खांद्यावर आली. पिशवीत चित्रांचा एक तक्ताही असतो. त्यातली गरोदर बाई गोरी, गुबगुबीत, हातात दुधाने भरलेला पेला घेऊन हसत असते. तो तक्ता दाखवला की आमच्या बाया आधी तिच्या बांगड्या बघतात. एवढं दूध नुसतंच पिऊन टाकते तर ही बाई चहा कशाचा करते, असं एकीने मला विचारलं होतं.

गोळ्या कोणी खात नव्हतं, हे मला माहीत होतं. आमच्याकडे पक्की समजूत अशी, की गोळ्या खाल्ल्या की पोर पोटात फुगतं, मग बाळंतपणात अडतं, मग गाडी, मग नाशिक, मग पोट फाडणं. त्यामुळे पोटुशी बाई गोळी तर खात नाहीच, शेवटच्या महिन्यांत भाकरीही अर्धी करते. मी सगळ्यांना समजवायचे, दटावायचे, आणि महिन्याच्या शेवटी रिकामी पाकिटं बघून वहीत खूण करायचे. पाकीट रिकामं म्हणजे गोळी पोटात गेली, असं सरकार मानतं आणि मीही मानायचे. कोणाच्या पोटात, ते पाकिटावर लिहिलेलं नसतं.

आता माझ्या थोरल्या लेकीबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिची आहे. ती पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय पुढे आले. दीड दिवस मी उपकेंद्रातल्या खाटेवर ओरडत होते आणि सिस्टर माझ्यावर ओरडत होत्या. शेवटी ती आली, एकदम गप्प, आणि मग एवढी रडली की आजवर थांबलेली नाही असं तिचा बाप म्हणतो. पायाळू माणसाला जमिनीखालचं धन दिसतं म्हणतात. आमच्या पोरीला स्वतःची चप्पल सापडत नाही. वीज पायाळूवर पडते असंही म्हणतात, म्हणून पावसाळ्यात तिची आजी तिला झाडाखाली उभी राहू देत नसे. पण या सगळ्यांत खरा मान एकाच गोष्टीचा. कोणाच्या पाठीत उसण भरली, चमक धरली, की पायाळूने डाव्या पायाची लाथ मारायची आणि उसण पळायची.

पाच वर्षांची झाल्यापासून तिचा दवाखाना जोरात होता. दुखणाऱ्याने उंबऱ्यावर बाहेर तोंड करून उभं राहायचं, हिने मागून तीनदा पाय लावायचा, आणि त्याने मागे न बघता चालू लागायचं. लाथ म्हणायचं एवढंच, नुसता अंगठा टेकवायची ती. बदल्यात मूठभर करवंदं, कधी चिंच, कधी एखादं अंडं. साखरशेतहून एक म्हातारे खास हिच्यासाठी जीप करून आले होते. मी आरोग्य खात्याची कार्यकर्ती, मी हे बंद करायला हवं होतं. पण पोरगी ते काम इतक्या ऐटीत करायची, की मला बघायला आवडायचं. एरवी आठ वर्षांच्या मुलीला म्हाताऱ्या माणसांना लाथ मारून वर आशीर्वाद कुठे मिळतो.

बत्तिसाव्या वर्षी मला पुन्हा दिवस राहिले. सासू त्याच रात्रीपासून मागे लागली.

"त्या गोळ्या नको खाव पोरी. मागल्या खेपंला पाय पुढं आलं. आता पोर मोठं झालं नि डोकं अडलं, तर काय करशील?"

"आत्या, तसं काय नसतं. मीच सगळ्यांना सांगते ना."

"लोकांना सांग. तू नको खाव."

मी तक्त्यातल्या बाईसारखं हसले आणि विषय संपवला. पण खरं सांगायचं तर मी घाबरले होते. दीड दिवस ज्या बाईने ती खाट धरून काढला आहे, तिला चित्रातली बाई काही समजावू शकत नाही. मी लोकांच्या दारात जाऊन पोर फुगत नाही असं ठासून सांगायचे आणि घरी आल्यावर मला वाटायचं, फुगलं तर? लाज वाटते लिहायला, पण वाटायचं.

त्याच आषाढात आमची तांबडी कोंबडी मऊ अंडी घालू लागली. हातात घेतलं तर नुसती कातडी, आत पाणी डुचमळतंय. मी दोन गोळ्या पाट्यावर कुटल्या, भाताच्या कोंड्यात कालवल्या आणि तिच्यापुढे टाकल्या. आठ-दहा दिवसांत अंडं खणखणीत. मला इतका आनंद झाला की मी ते अंडं जावेला नेऊन दाखवलं. जाऊ शेजारच्या घरात राहते, आणि तिला सांगितलेली गोष्ट पाड्याला वेगळी सांगावी लागत नाही. बायांना पाकिटं रिकामी करायची होतीच. आजवर त्या गोळ्या ओहोळात फेकत होत्या, आता कोणाच्या तरी कामी येऊ लागल्या. मी त्यांना एका शब्दाने अडवलं नाही. कुठल्या तोंडाने अडवणार.

धाकटी मार्गशीर्षात झाली, जव्हारला, डोकं पुढे करून, कोणालाही त्रास न देता. दुसरीही मुलगी म्हणून सुस्कारा टाकायला एक मावशी आली होती, तिला सासूनेच चहा न देता वाटेला लावलं. पोरीचं वजन चांगलं होतं. मला दूध भरपूर होतं. सासूने सव्वा महिना मला भाताच्या पेजेवर ठेवलं, कारण अंडं बाधतं, नागली जड पडते, दूध कफ करतं. आमच्या शेतातली नागली तोवर जव्हारच्या बाजारात गेली होती. शहरातली माणसं ती हाडं मजबूत व्हायला नेतात म्हणे. आणि घरात कोंबड्या होत्या, ज्या मी बाळंतपणानंतरही गोळ्यांवर पोसत होते.

संक्रांत झाली आणि एक विचित्र प्रकार सुरू झाला. आमच्या दारामागे एक लाकडी खुंटी आहे, माझी पिशवी तिच्यावर असते. एक दिवस हात वर केला तर पिशवीचा बंद निघेना. टाचा उंच केल्या, तरी नुसती बोटं लागत होती. पाठ तर बाळंतपणापासून दुखतच होती. सगळ्यांचीच दुखते, मी बायांना तेच सांगत आले होते. मी नवऱ्यावर घसरले. तो तेव्हा कामावरून घरी आला होता.

"खुंटी वर का ठोकलीत?"

"मी कशाला ठोकू? हाय तिथंच हाय."

"मग माझा हात का पोचत नाही?"

त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "तूच बुटकी व्हायला लागलीस. म्हातारी झालीस." आणि वर हिंदीत म्हणाला, "टेन्शन मत ले."

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. थोरली हसून हसून लोळली, आणि मग पत्र्याच्या डब्यावर चढून तिने मला पिशवी काढून दिली. तेव्हापासून ते तिचंच काम झालं. नवरा भिवंडीला परत गेला आणि खुंटीचा विषय मी विसरले.

होळीच्या आठवडाभर आधी मी विहिरीवरून हंडा उचलला आणि पाठीत कळ आली, अशी की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तीन दिवस मी वाकून चालले. चौथ्या दिवशी सकाळी सासू म्हणाली, "घरात पायाळू असून कशाला मरतेस?" मला हसू आलं. पण मी उठले. उंबऱ्यावर जाऊन बाहेर तोंड करून उभी राहिले, कारण दुखणं फार होतं, आणि कारण माझी लेक कौतुकाने वाट बघत होती. तिने कितीतरी पाठींना पाय लावला होता, आईच्या पाठीला कधी नाही.

दोनदा तिने नुसता अंगठा टेकवला. तिसऱ्या वेळेला, मला वाटतं, आईला चांगलं बरं वाटावं म्हणून तिने थोडा जोर लावला.

मी अंगणात तोंडावर पडले. आवाज तोंडातून निघेना. मान वळवली तेव्हा ती दिसली, एका पायावर उभी, दुसरा पाय तसाच हवेत.

गाडी आली, जव्हार झालं, मग एका तपासणीसाठी नाशिक झालं. तान्ही माझ्याबरोबर, थोरली जावेकडे. नाशिकला एका तरुण डॉक्टरणीने पाठीचा फोटो दिव्यावर लावला आणि पेनाने दाखवलं. पाठीचे तीन मणके दबलेले. त्यातले दोन बरेच दिवसांचे, एक आत्ताचा. मी लाथेबद्दल सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं, याचं मला आजही कौतुक आहे.

"ताई, पोरीच्या पायाने मणका मोडत नाही. आधीच पोकळ होता. हंडा उचलताना गेला असेल, नाहीतर पडलात तेव्हा. उंची कमी झाल्यासारखं कधी वाटलं होतं का?"

मला खुंटी आठवली.

तिने सोप्या शब्दांत सांगितलं. पोटातलं बाळ आणि अंगावर पिणारं बाळ आपल्याला लागतं ते घेतंच. आईच्या खाण्यातून मिळालं नाही तर हाडांतून घेतं. बहुतेक बायांची हाडं नंतर भरून येतात, एखादीची अशी दबतात. हे क्वचित होतं. गोळ्या खाल्ल्या असत्या तर झालंच नसतं, असं ती छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हती. पण घेतल्या होत्या ना, असं तिने विचारलं. मी आरोग्य खात्याची कार्यकर्ती आहे, असं मी उत्तर दिलं. ते खोटं नव्हतं.

दूध तोडलं तर हाडं लवकर सावरतील, असंही ती म्हणाली. बाटलीवर वाढलेली पोरं आणि त्यांचे जुलाब मी जवळून बघितलेत, त्या पोरांना मीच तराजूत घातलंय. मी सहा महिन्यांच्या आत तोडणार नाही म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. सहा महिने पाजा, पट्टा बांधा, औषधं घ्या, काही उचलू नका, पोरीलासुद्धा. तिला कोणीतरी उचलून तुमच्याजवळ देत जाईल, असं ठरलं. कोण देईल ते मला माहीत होतं. थोरली तान्हीला दिवसभर कडेवर घेऊन फिरायची.

घरी आले तर थोरली शाळेचे बूट घालून बसली होती. भर दुपारी, घरात, चुलीपाशी. मी म्हटलं, काय हा शहाणपणा, बूट काढ. तिने पाय आणखी आत ओढून घेतले. तान्ही रडायला लागली. मी म्हटलं, बाळाला दे. ती दारापर्यंत मागे सरकली आणि तिथेच उभी राहिली. शेवटी जावेने येऊन बाळ उचललं.

जावेने मला मग सांगितलं. मी गेल्यापासून पोरगी बुटांतच झोपत होती. कोणाला लाथ मारायची नाही, कोणाला पाय लागू द्यायचा नाही. बाळाला तर हातच लावायचा नाही. सासूने विचारलं तर म्हणाली, तिची हाडं लहान आहेत.

मला पाठीपेक्षा ते जास्त दुखलं. रडायला आलं, पण पट्टा इतका घट्ट होता की नीट रडताही येईना.

पुढचे पंधरा दिवस मी तिला समजावत होते. डॉक्टर म्हणाल्या तुझ्यामुळे झालं नाही. ती म्हणाली, डॉक्टर तुला बरं वाटावं म्हणून बोलल्या. मी पाठीचा तो फोटो आणून उजेडात धरला. ती म्हणाली, यात तर मोडलेलं दिसतंच आहे. मग मी रागावले, तिच्यावर ओरडले, जे मला सगळ्यांत चांगलं जमतं. त्याचा उपयोग झाला नाही. ती शाळेतून यायची, बूट न काढता कोपऱ्यात बसायची, आणि तान्ही रडली की कान झाकायची. तान्ही तिलाच शोधत असायची. कोपऱ्याकडे मान वळवून हात हलवायची आणि ही भिंतीकडे बघायची.

एक दिवस मला वही हवी होती. मी तिला पिशवी काढायला सांगितलं. ती डब्यावर चढली, बुटांसकट, आणि मी खाटेवरून त्या खुंटीकडे बघत राहिले. मला इतके दिवस सुचलं कसं नाही, देव जाणे.

"तू डब्यावर कधीपासून चढायला लागलीस गं?"

"बाबाचं नि तुझं भांडण झालं तवापासून."

"ते कधी झालं?"

"संक्रांतीला. तिळगुळ उरले होते." ती डब्यावरच उभी होती. "बाबा म्हणाला तू बुटकी झालीस."

"बरोबर म्हणाला. आणि उंबऱ्यावर मी कधी उभी राहिले?"

पिशवी छातीशी धरून ती खुंटीकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा खुंटीकडे. ती गणितात हुशार नाही, पण हे गणित तिने स्वतः केलं.

"म्हणजे तू आधीच मोडली होतीस."

"हो."

"कशानं?"

इथे मी गप्प बसले असते तर चाललं असतं. डॉक्टरणीला नाही सांगितलं, नवऱ्याला नाही, सासूला तर नाहीच. हंड्याचं नाव घेता आलं असतं. पण पोरगी डब्यावर उभी राहून वाट बघत होती, आणि मी काही लपवलं असतं तर तिने ती उरलेली जागा स्वतःच्या पायाने भरली असती. मी सांगून टाकलं. गोळ्या माझ्यासाठी होत्या, मी घाबरले, मी त्या कोंबड्यांना घातल्या. गोळ्यांनी सगळं वाचलं असतं की नाही ते डॉक्टरांनाही माहीत नाही, पण मी खाल्ल्या नाहीत.

"तू सगळ्या बायांना खायला सांगायचीस," ती म्हणाली.

"हो."

"मला सांगितलं होतंस, की खोटं बोललं की तोंड वाकडं होतं."

"हो."

ती खाली उतरली. जमिनीवर बसून तिने बुटांचे पट्टे सोडले. पाय पांढरे पडले होते, कातडी चुरगळलेली. मग तिने एक बूट उचलला आणि सगळी ताकद लावून अंगणात भिरकावला. तांबडी कोंबडी किंचाळून कुंपणावर चढली. दुसरा बूटही गेला. ती भयंकर रागावली होती. मला आयुष्यात कोणाच्या रागाने एवढं बरं वाटलेलं नाही.

मग ती हौदापाशी गेली, पाय घासून घासून धुतले, आत आली, आणि तान्हीला उचलून कडेवर घेतलं. तान्हीने तिचा कान धरला.

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी मी बायांसमोर सगळं सांगितलं. आधी हसल्या, मग माझा पट्टा बघून गप्प झाल्या. जाऊ तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होती. आपली अंडी आता पुन्हा बाजारात जाईपर्यंत फुटणार, असं ती कुरकुरली, पण गोळी घेऊन गेली. धाकटी आता धावते. सहा महिन्यांची झाल्यावर तिचं दूध तोडलं आणि नागलीचं सत्त्व सुरू केलं, ती नागली आम्ही बाजारात नेली नाही. माझी पाठ बरी आहे. हरवलेली उंची परत येत नाही, म्हणून नवऱ्याने खुंटी खाली ठोकली आहे.

थोरलीने लाथा मारणं सोडून दिलंय. साखरशेतचे ते म्हातारे परत आले होते, त्यांना तिने उंबऱ्यावरूनच विचारलं की आजोबा, गोळी खाता का. आणि रोज सकाळी शाळेला निघताना ती माझ्यापुढे पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन उभी राहते. गिळून होईपर्यंत हलत नाही. बहिणीला कडेवरच घेतलेलं असतं.

"तोंड उघड," ती म्हणते. "जीभ वर कर."

मी जीभ वर करते. ती वाकून नीट आत बघते, माझ्यावर तिचा अजून विश्वास नाही.